बीपीच्या पट्ट्याचं माप आणि रीडिंगचा खरेपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपीचं मशीन घेताना लोक स्क्रीन केवढी, मेमरी किती, मोबाइलला जोडता येतं का, हे सगळं पाहतात. दंडाला बांधायचा पट्टा आपल्या मापाचा आहे का, हे मात्र फार थोडे जण पाहतात. मशीन कितीही चांगलं असलं तरी पट्टा चुकला की आकडा चुकतो. म्हणून पट्ट्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. आकडे मोठ्या माणसांसाठीचे आहेत. लहान मुलं आणि गरोदरपण यांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पट्ट्याच्या मापाने रीडिंग खरंच बदलतं का? की एक-दोन अंकांचाच फरक पडतो?

बदलतं, आणि कधी कधी इतकं की निदानच फिरतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५ प्रौढांचं बीपी वेगवेगळ्या मापांचे पट्टे बांधून मोजलं. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मशीन तेच, माणूस तोच, बदलला तो फक्त पट्टा. ज्यांना खरं तर लहान पट्टा लागत होता त्यांना नेहमीचा मध्यम पट्टा बांधला, तेव्हा वरचं बीपी सरासरी ३.६ मिलिमीटरने (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) कमी दिसलं. ज्यांना मोठा लागत होता त्यांचं मध्यम पट्ट्याने ४.८ ने जास्त दिसलं. आणि ज्यांच्या दंडाला एक्स्ट्रा लार्ज पट्टा हवा होता त्यांचं वरचं बीपी मध्यम पट्ट्याने १९.५ ने आणि खालचं ७.४ ने जास्त दिसलं.

याचा अर्थ नीट पाहा. एखाद्याचं वरचं बीपी खरं १२४ आहे, दंड जाड आहे आणि बांधला मध्यम पट्टा. मशीन १४३-१४४ दाखवेल. दवाखान्यात १४० च्या पुढे आकडा गेला की ‘तुम्हाला ब्लड प्रेशर आहे’ असं ऐकावं लागतं. त्या माणसाला आजार नाही, पट्टा अपुरा आहे. यातून गोळ्या सुरू झाल्या, तर उठताना चक्कर येणं, तोल जाणं असे त्रासही मागून येऊ शकतात.

लहान पट्ट्याने बीपी जास्त का दिसतं?

पट्ट्याच्या कापडाआत हवेची एक पिशवी असते. ती फुगते, दंडातली धमनी दाबून बंद करते आणि मग हवा हळूहळू सोडली जाते. रक्त पुन्हा वाहू लागतं तो क्षण पकडून आकडा ठरतो. यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पिशवीत जेवढा दाब आहे तेवढाच धमनीपर्यंत पोचतोय.

जाड गादीखाली रबरी नळी ठेवली आहे असं समजा. वरून एका बोटाने दाबलंत तर जोर गादीतच विरून जातो. नळी बंद करायला खूप जोर लावावा लागतो. तळहाताने दाबलंत तर कमी जोरात काम होतं. अरुंद किंवा आखूड पिशवीचं तेच होतं. तिच्या कडांजवळचा दाब वरच्या मांसात, चरबीत विरतो आणि खोलवरच्या धमनीवर पूर्ण पोचत नाही. धमनी बंद व्हायला मशीनला जास्त हवा भरावी लागते, आणि तो जास्तीचा दाब तुमचं बीपी म्हणून स्क्रीनवर येतो. पिशवी दंडाच्या मानाने फार मोठी असेल तर उलट होतं: कमी दाबातच धमनी मिटते, म्हणून आकडा कमी दिसतो.

हे डॉक्टरांना अलीकडे कळलं आहे का?

अजिबात नाही, आणि याचीच मला जास्त खंत वाटते. इटलीतले डॉक्टर शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा पट्टा १८९६ मध्ये मांडला. तो जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. १९०१ मध्ये, म्हणजे पाचच वर्षांत, हाइनरिश फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी दाखवून दिलं की इतक्या अरुंद पट्ट्याने बीपी फुगवून दिसतं, आणि त्यांनी रुंद पट्टा केला. स्टेथोस्कोपने आवाज ऐकून बीपी मोजायची कोरोटकॉफ यांची पद्धत त्याच्याही नंतरची, १९०५ ची. म्हणजे पट्ट्याच्या रुंदीची गोष्ट स्टेथोस्कोपच्या पद्धतीपेक्षा जुनी आहे. तरीही आजसुद्धा बऱ्याच टेबलांवर एकच पट्टा असतो आणि येईल त्याला तोच गुंडाळला जातो.

माझ्या दंडाचा घेर कसा मोजू?

कपडे शिवताना वापरतात ती मऊ टेप घ्या. बाही पूर्ण वर करा किंवा हात बाहीतून बाहेर काढा. कापडावरून मोजू नका. कोपर काटकोनात वाकवा. खांद्याच्या टोकाला हाताला लागणारं हाड आणि कोपराचं मागचं टोकदार हाड, या दोन्हींमधलं अंतर दंडाच्या मागच्या बाजूने मोजा आणि बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. आता हात सरळ, सैल सोडा. त्या खुणेवरून टेप दंडाभोवती गोल फिरवा. टेप कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये, आणि मागच्या बाजूला खाली घसरलेली नसावी. तिथे बहुतेकांची चूक होते, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगितलेलं बरं. स्नायू फुगवू नका.

आलेला आकडा सेंटिमीटरमध्ये लिहा आणि मशीनच्या डब्यावरच चिकटवून ठेवा. अंदाजाने ‘मी काही जाड नाही, मध्यमच लागेल’ असं ठरवू नका. वजन आणि दंडाचा घेर यांचं गणित प्रत्येकाचं वेगळं असतं. अंगाने बेताच्या पण दंड भरलेल्या माणसाला मोठा पट्टा लागू शकतो.

कोणत्या घेराला कोणतं माप?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रौढांसाठी दिलेली मापं अशी:

- २२ ते २६ सेंटिमीटर: स्मॉल अ‍ॅडल्ट, पिशवी १२ × २२ सेंटिमीटर
- २७ ते ३४: अ‍ॅडल्ट, पिशवी १६ × ३०
- ३५ ते ४४: लार्ज अ‍ॅडल्ट, पिशवी १६ × ३६
- ४५ ते ५२: एक्स्ट्रा लार्ज किंवा थाय (म्हणजे मांडी), पिशवी १६ × ४२

यामागचा ढोबळ नियम म्हणजे पिशवीची लांबी घेराच्या निदान ८० टक्के आणि रुंदी निदान ४० टक्के असावी. लक्षात घ्या, हे आतल्या पिशवीबद्दल आहे, बाहेरच्या कापडाबद्दल नाही. कापड दोनदा गुंडाळलं जातं म्हणून पट्टा पुरेसा आहे असं होत नाही. आणि शेवटच्या मापावर ‘थाय’ लिहिलेलं असलं तरी तो फार जाड दंडालाही बांधतात. नाव वाचून बिचकू नका.

माझ्या पट्ट्यावर ‘मीडियम’ लिहिलंय, पण त्यावरचे सेंटिमीटर वरच्या यादीशी जुळत नाहीत. मग काय खरं?

पट्ट्यावर छापलेले सेंटिमीटर. स्मॉल, मीडियम, लार्ज ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने देते. एकीचा मीडियम २२ ते ३२ चा असतो, तर काही मशीनबरोबर २२ ते ४२ असा मोठ्या पल्ल्याचा एकच पट्टा येतो. वरची यादी मुख्यतः पाऱ्याच्या किंवा घड्याळी डायलच्या यंत्रासाठी, जिथे पट्टा स्वतंत्र निवडायचा असतो. घरच्या डिजिटल मशीनला त्या मशीनच्या पट्ट्यावर जो पल्ला छापला आहे तोच धरायचा.

पट्ट्यावर त्या रेषा, बाण आणि खुणा कसल्या असतात?

पट्टा उलगडून आतली बाजू उजेडात धरा. एका टोकाशी आडवी, एकटी रेषा दिसेल. तिच्याजवळ बहुधा ‘इंडेक्स’ असं लिहिलेलं असतं. पुढे दोन खुणांमध्ये एक लांब पट्टी आखलेली असते, ती ‘रेंज’. दंडाभोवती पट्टा गुंडाळल्यावर ती एकटी रेषा या दोन खुणांच्या मध्ये पडली तर माप बरोबर. रेषा पल्ल्यापर्यंत पोचलीच नाही, तर पट्टा लहान आहे. पल्ला ओलांडून पुढे गेली, तर मोठा आहे. टेप हाताशी नसली तरी दवाखान्यात बसल्या बसल्या ही तपासणी पाच सेकंदांत होते, आणि पेशंटला स्वतःला करता येते. म्हणून मला ती फार आवडते.

दुसरी खूण म्हणजे बाण किंवा ठिपका, ‘आर्टरी’ असं लिहिलेला. कोपराच्या लवणीत, करंगळीकडच्या बाजूला बोटं ठेवलीत तर धमनीचे ठोके लागतात. बाण त्या ओळीत यायला हवा. पट्ट्याची खालची कड लवणीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा.

पट्टा ताणून ताणून कसाबसा बसतो. चालेल का?

नाही. फुगताना वेल्क्रो चर्रर्र करत सुटायला लागलं किंवा पट्टा मधोमध फुगून डमरूसारखा झाला, तर तो आकडा लिहूनच घेऊ नका. पट्टा लहान आहे.

सैल बांधलेला पट्टाही वाईटच. हवा भरताना पिशवी आधी गोल फुगते आणि दंडाला तिचा जेमतेम मधला भाग टेकतो. म्हणजे योग्य मापाचा पट्टासुद्धा अरुंद पट्ट्यासारखं काम करतो आणि बीपी जास्त दाखवतो. बांधल्यावर वरच्या कडेखाली एक-दोन बोटं सरकतील इतपत घट्ट ठेवा.

मग मोठाच पट्टा घेऊन ठेवतो, घरातल्या सगळ्यांना चालेल?

ही युक्ती बरेच जण काढतात. अडचण अशी की मोठ्या पट्ट्याची चूक आकड्याने लहान असली तरी ती गप्प बसवणारी असते. जास्त दिसलेलं बीपी माणूस पुन्हा मोजतो, डॉक्टरांना दाखवतो. कमी दिसलेलं बीपी कुणी पुन्हा मोजत नाही. ‘१३० आहे, ठीक आहे’ म्हणून मशीन कपाटात जातं. याचा फटका वयाने थकलेल्या, दंड अगदी बारीक झालेल्या माणसांना बसतो, आणि नेमकी त्यांनाच पक्षाघाताची जोखीम जास्त असते.

घरात एकाचा दंड २४ आणि दुसऱ्याचा ३८ सेंटिमीटर असेल तर मशीन एक, पट्टे दोन, हा मार्ग. किंवा दोन्ही घेर ज्यात बसतात असा मोठ्या पल्ल्याचा पट्टा त्याच कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला असेल तर तो.

माझा घेर बरोबर दोन मापांच्या सीमेवर येतो.

दोन्ही पट्ट्यांवरच्या खुणांमध्ये घेर बसत असेल तर मोठा घ्या. अपुऱ्या पट्ट्याने होणारी चूक जास्तीच्या पट्ट्याने होणाऱ्या चुकीपेक्षा सहसा मोठी असते.

दुसऱ्या कंपनीचा पट्टा या मशीनला बसतो. वापरू का?

नळी बसते म्हणजे पट्टा चालतो असं नाही. डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही. धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यातल्या हवेत बारीक बारीक हेलकावे उठतात, ते मशीन टिपतं, आणि त्यावरून वरचा आणि खालचा आकडा आपल्या आतल्या गणिताने काढतं. हे गणित कंपनीने आपल्या ठरावीक पट्ट्यावर बसवलेलं असतं. मशीनची अचूकता तपासताना जी चाचणी होते, तीही त्या पट्ट्यासकटच. पट्टा बदलला की ती चाचणी तुमच्या जोडीला लागू राहत नाही. मोठा किंवा लहान पट्टा हवा असेल तर मॉडेल नंबर सांगून त्याच कंपनीचा मागवा. मशीन नवीनच घ्यायचं असेल तर आधी आपल्या मापाचा पट्टा त्याला मिळतो का ते पाहा आणि मग मशीन ठरवा.

माझा दंड काखेकडे जाड आणि कोपराकडे एकदम निमुळता आहे. पट्टा खाली उघडाच राहतो.

जाड दंड बहुतेक वेळा असाच असतो. सरळ आयताकृती पट्टा वर घट्ट आणि खाली सैल बसतो, खालची पिशवी हवेतच फुगते आणि आकडा वाढतो. यासाठी एका कडेला आखूड, किंचित वळणदार कापलेले पट्टे मिळतात. ३५-३६ च्या पुढे घेर असेल आणि दंड असा उतरता असेल तर त्याच प्रकारचा पट्टा शोधा.

कुठलाच पट्टा बसत नाही. मनगटावरचं मशीन चालेल?

दंडाला बसणारा पट्टा मिळतच नसेल तर चालेल. अपुरा पट्टा दंडाला बांधण्यापेक्षा बरं. पण मनगटाचं मशीन हाताच्या उंचीला फार संवेदनशील असतं. मनगट हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल तर आकडा साधारण ८ मिलिमीटरने वाढतो, तेवढंच वर असेल तर तेवढाच कमी होतो. म्हणून कोपर टेबलावर टेकवा, खाली उशी किंवा घडी ठेवून मनगट छातीच्या मध्याशी आणा आणि तिथेच स्थिर ठेवा. दवाखान्यात पहिल्या वेळी दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी घेऊन डॉक्टरांना दाखवलेत तर पुढे तुलना सोपी जाते.

पाऱ्याच्या यंत्राला तर हा प्रश्न नसेल ना?

असतो, तितकाच. पारा पट्ट्यातला दाब बरोबर दाखवतो. धमनीवर किती दाब पोचला ते पट्टाच ठरवतो.

लहान मुलांचं काय?

मुलांच्या पट्ट्यांवर ‘इन्फंट’, ‘चाइल्ड’ असं लिहिलेलं असतं, आणि वयावरून पट्टा उचलायचा मोह होतो. तो टाळा. मुलांचाही दंड मोजूनच पट्टा निवडायचा. अंगाने भरलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा, क्वचित लार्जसुद्धा पट्टा लागतो, आणि ‘मूल आहे’ म्हणून छोटा बांधला तर त्याला नसलेला आजार चिकटतो. मुलांचं नॉर्मल बीपी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर ठरतं, त्यामुळे मोठ्यांच्या आकड्यांशी ताडून घाबरू नका. डिजिटल मशीनवर बीपी जास्त आलं तर बालरोगतज्ज्ञांकडे स्टेथोस्कोपने मोजून खात्री करून घ्या.

गरोदरपणात?

इथे मी जास्त आग्रहाने सांगेन. गरोदरपणात १४०/९० किंवा त्यापुढचा आकडा गंभीरपणे घ्यायचा असतो, आणि पट्ट्यामुळे तो दडला किंवा उगाच वर आला तर दोन्हीकडून नुकसान. वजन वाढत जातं तसा दंडाचा घेरही बदलू शकतो, म्हणून अधूनमधून पुन्हा मोजा. मशीनही गरोदर स्त्रियांवर तपासून मान्य झालेलं असावं, कारण प्रीएक्लॅम्प्सियामध्ये (गरोदरपणात बीपी वाढून होणारा गंभीर आजार) काही मशीन बीपी कमी दाखवतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा बरगड्यांखाली पोटात दुखणं असेल तर पट्टा बरोबर की चूक याचा विचार करत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

दवाखान्यात एकच पट्टा असतो. डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो.

‘माझा दंड ३८ सेंटिमीटर आहे, मोठा पट्टा आहे का?’ एवढंच म्हणा. यात कुणाचा अपमान नाही. आपलं बीपी मोजलं जातंय, त्यावर वर्षानुवर्षांची गोळी ठरणार आहे, आणि तुम्ही माहिती देताय, तक्रार करत नाही. मोठा पट्टा नसेल तर घरचं मशीन पट्ट्यासकट सोबत न्या. जाड बाहीवरून पट्टा बांधायला लागले तर बाही काढायलाही मागेपुढे पाहू नका.

पट्टा अगदी बरोबर आहे, तरी रीडिंग वरखाली होतं.

थोडं होणारच, बीपी दिवसभर बदलत असतं. पण एक गोष्ट तपासा: हात कुठे ठेवता? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्याच आणखी एका अभ्यासात, हात मांडीवर ठेवला तेव्हा वरचं बीपी सरासरी ३.९ ने, आणि हात बाजूला लोंबता सोडला तेव्हा ६.५ ने जास्त आलं. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, लघवी करून आलेले, पाच मिनिटं शांत बसलेले, आणि मोजताना बोलणं बंद. हे सगळं पट्ट्याइतकंच महत्त्वाचं आहे, फक्त त्याबद्दल सांगणारे बरेच भेटतात.

आतापर्यंत लहान पट्ट्याने मोजत होतो. आता आकड्यातून १९-२० वजा करू का? गोळी बंद करू का?

दोन्ही नको. १९.५ ही एका गटाची सरासरी आहे. तुमच्या दंडाला फरक ५ चा असेल किंवा ३० चा. वजाबाकीने खरा आकडा मिळत नाही. तो पुन्हा मोजूनच मिळतो.

योग्य पट्टा आणा. सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग घ्या आणि सगळी लिहून काढा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेलं बीपी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर सहसा ते वाढलेलं धरतात. ही वही, दंडाचा घेर आणि आधीच्या पट्ट्याचं माप, तिन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. गोळी कमी करायची, बंद करायची की तशीच चालू ठेवायची हे त्यांना ठरवू द्या. बऱ्याचदा बीपी खरोखर वाढलेलंच असतं, फक्त वाटत होतं तितकं नसतं. गोळी अचानक सोडली तर काही औषधांत बीपी एकदम उसळतं, म्हणून परस्पर काही करू नका.

कोणत्या हाताला बांधू?

सुरुवातीला दोन्ही हातांचं मोजा. एकात सातत्याने जास्त येत असेल तर पुढे तोच हात धरा. डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताला पट्टा बांधू नये. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

पट्टा कधी बदलायचा, आणि दंड पुन्हा कधी मोजायचा?

वेल्क्रो फुगवताना सुटायला लागलं, नळीला चीर गेली, पिशवीतून हवा झिरपतेय असं वाटलं किंवा छापलेल्या खुणा पुसल्या गेल्या, की पट्टा बदला. पट्टा नळीच्या मुळाशी घट्ट दुमडून ठेवू नका, तिथेच तो आधी फाटतो. दंड वर्षातून एकदा मोजा. वजन बरंच वाढलं किंवा घटलं, मोठं आजारपण झालं, व्यायामाने दंड भरले, तर त्याआधीच.